शेवट नसलेलं रेकॉर्डिंग

आमच्या घरात टीव्हीचा एकच नियम होता. एकट्याने पुढचं बघायचं नाही.

मी पाचगणीत एका निवासी शाळेची बस चालवायचो. मंदा, माझी बायको, त्याच शाळेत मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होती. मुली जेवून आपापल्या खोल्यांत गेल्याशिवाय तिला सुटका नसायची, आणि तिची मालिका नेमकी त्याच वेळेला लागायची. म्हणून आम्ही रेकॉर्डर घेतला. टीव्हीखाली ठेवायचा काळा डबा. मालिका लागली की तो आपोआप ती साठवून ठेवायचा आणि रविवारी दुपारी आम्ही दोघं मिळून बघायचो. एखादा चहाला उठला की दुसऱ्याने रिमोट दाबायचा आणि ओरडून सांगायचं, "थांबवलंय!"

भाग संपला की डबा विचारायचा, 'पाहून झालं. पुसू का?' आत जागा कमी, म्हणून आम्ही लगेच 'हो' दाबायचो. इतकी वर्षं दाबलं की या प्रश्नाला दुसरंही उत्तर असतं हे आम्ही विसरून गेलो होतो.

पुढे टीव्हीवर ठरलेल्या वेळी काही लागणंच बंद झालं. आता ज्याला जे हवं ते तो मागवतो, नाहीतर बनवून घेतो. लोकांनी रेकॉर्डर भंगारात दिले. आमचा राहिला, कारण मंदाच्या मालिकेचे शेवटचे भाग त्यात होते. जहाजावरच्या एका आचाऱ्याची गोष्ट होती ती. तो घरी पोचतो की नाही हे बघायचं राहिलं होतं, आणि मंदा गेली. मी त्या भागांना कुलूप लावलं. डब्यात तशी सोय असते. कुलूप लावलेलं तो स्वतःहून पुसत नाही.

ती गेल्यावर तिचा फोन मी रोज चार्ज करत असे. पावसाळ्यात त्याची बॅटरी फुगली आणि काच एका बाजूने वर आली. दुकानदार म्हणाला, आत जे काही असेल ते आजच काढून घ्या.

आत बरंच काही होतं, पण मला एकच हवं होतं. आमच्या मुलीने, केतकीने, एका सुट्टीत काढून आईला पाठवलेलं हलतं चित्र. दोन सेकंदांचं. मंदा वेताच्या खुर्चीत बसली आहे, हातात रिमोट. ती उजवीकडे बघते, रिमोटने तिकडे दाखवते, काहीतरी बोलते आणि हसते. मग पुन्हा पहिल्यापासून. त्याला आवाज नाही. ती काय म्हणत होती ते मी कितीदा तरी तिच्या ओठांवरून लावून बघितलं, पण लागलं नाही. त्या वेळी मी कुठे होतो हेही आठवत नव्हतं.

तिचं हलतं असं तेवढंच होतं. कॅमेरा दिसला की ती पदर आडवा धरायची. म्हणायची, "माझ्याकडे काय बघताय ड्रायव्हरसाहेब, रस्ता बघा."

ते चित्र मला आमच्या टीव्हीवर हवं होतं, जिथे आम्ही बसायचो तिथे. पण डबा म्हणाला, 'हे स्वरूप ओळखता येत नाही.' त्याला फक्त टीव्हीचं रेकॉर्डिंग कळायचं. मग मला एक साइट सापडली. हलतं चित्र द्या, टीव्ही रेकॉर्डिंग घ्या. सरळ तुमच्या रेकॉर्डरवर पाठवतो.

साइटने प्रश्न विचारले. कार्यक्रमाचं नाव? मी लिहिलं, मंदा. चॅनेल? मी लिहिलं, घर. रिमोटमध्ये साठलेले आवाज वापरू का? मंदा रिमोटशी बोलायची, "हे लाव गं, ते बंद कर गं," अशी, एखाद्या मुलीशी बोलावं तशी. मी हो म्हटलं. शेवटचा प्रश्न होता, काम झाल्यावर मूळ चित्र पुसू का?

बोटाने आपोआप 'हो' दाबलं.

दाबल्यावर कळलं. फोनमध्ये बघितलं, चित्राची जागा रिकामी होती. केतकीचा तेव्हाचा फोन केव्हाच मोडीत गेला होता. मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात टीव्हीखाली लाल दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं आली. 'मंदा. रेकॉर्डिंग चालू आहे.'

पडद्यावर मंदा होती. फोनवर दिसायची तशी ठिपक्याठिपक्यांची नाही, स्वच्छ, साडीची किनारसुद्धा दिसत होती. ती उजवीकडे बघून बोलली आणि हसली.

"अहो, चहा टाकू का?"

आवाज तिचाच होता. मी खाली फरशीवर बसलो. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल म्हणून वाट बघितली. झालं नाही. तिने रिमोट बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

"टाक," मी म्हणालो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बाहेर धुकं असायचं, पडद्यावरच्या खिडकीतही धुकं असायचं. कुठलं धुकं कुठे संपतं ते कळायचं नाही. मंदा खुर्चीत बसून मुलींच्या फ्रॉकांवर नावाच्या पट्ट्या शिवायची. खरी मंदाही हेच काम घरी आणायची. पण हिच्या शेजारचा कपड्यांचा ढीग कमी होत नव्हता. सुईतला दोरा संपत नव्हता. कपातला चहा ती पीत राहायची आणि कप भरलेला राहायचा. मधेच ती मान वर करून बोलायची.

"अहो, गारठा वाढलाय नाही?"

"वाढलाय."

"स्वेटर घाला की."

मी स्वेटर घालायचो. तिला माझं ऐकू जात नव्हतं हे मला माहीत होतं. पण ती बोलून थांबायची, आणि त्या थांबण्यात माझं उत्तर बरोबर मावायचं. शिवताना ती गुणगुणायची. चाल ओळखीची वाटायची, पण कुठली ते आठवायचं नाही. तिला ऐकत डाळ शिजवायची, तिला बघत जेवायचं. कधी वाटायचं, मीच कुठल्यातरी खिडकीच्या बाहेर उभा आहे आणि घर आत आहे.

बाहेर जाणं मी बंद केलं. मागे जाऊन बघता आलं असतं, पण तोवर ती पुढे गेली असती. एकटीच.

केतकी साताऱ्याला असते. तिथल्या एका इस्पितळात स्कॅन काढते. तिला दिवस गेले होते. तिचा फोन यायचा.

"बाबा, सातवा लागतोय. मी येऊ ना तिकडे?"

"इथे धुकं फार आहे गं. घाटात गाडीचं काही खरं नसतं."

"तुम्ही या मग इकडे."

"बघतो."

"मागच्या वेळीही 'बघतो'च म्हणालात. काय बघताय तरी काय?"

मंदाने तेवढ्यात पट्टी शिवून दोरा दाताने तोडला होता, आणि मी ते बघत होतो.

"पहिलं बाळंतपण माहेरी करतात," केतकी म्हणाली. "माहेर आहे का अजून, तेवढं सांगा." आणि तिने फोन ठेवला.

त्या सुमारास पडद्यावर एक नवी गोष्ट होऊ लागली. चित्र कधी कधी उजवीकडे सरकायचं. आधी खोलीचा जो भाग कधीच दिसला नव्हता तो दिसायला लागला. भिंतीवरचं घड्याळ, मग सोफा. सोफ्यावर घडी केलेली शाल. मला बरं वाटलं. घर पूर्ण होत चाललं होतं.

एका रविवारी दुपारी, न सांगता, केतकी आली. एका हाताने पाठ धरलेली, दुसऱ्या हातात बॅग. दारातून तिने टीव्ही बघितला आणि बॅग हातातच राहिली.

"अहो, चहा टाकू का?" पडद्यावरची मंदा म्हणाली.

केतकी खुर्चीवर बसली. वेताच्या, त्याच खुर्चीवर. बराच वेळ ती नुसती बघत होती. तिचे डोळे भरले, मग कोरडे झाले, मग बारीक झाले.

"हे कुठून आलं?"

मी सगळं सांगितलं. 'हो' दाबल्याचंही.

"आमच्याकडे हेच चालतं," ती म्हणाली. "रोग्याला मशीनमध्ये फार वेळ झोपवायला नको म्हणून आम्ही थोडीच चित्रं काढतो. मधली चित्रं संगणक अंदाजाने भरतो. हात इथे होता, मग तिथे होता, म्हणजे मध्ये कुठे असेल, असं. पण भरलेल्या चित्राला पिवळी कडा लावावीच लागते. नाहीतर डॉक्टर अंदाजालाच गाठ समजून कापायला घेईल."

"इथे तर कडा नाही."

"नाही ना, तेच! टीव्हीला एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात. आईच्या त्या तुकड्यात फार थोडी होती. मधली त्या साइटने भरली. आता ज्याला मधलं भरता येतं त्याला पुढचंही भरता येतं, बाबा. त्या चित्रावर खूण होती, अखंड चालू ठेवा. म्हणजे पहिल्यापासून परत परत. पण टीव्हीच्या रेकॉर्डिंगला परत परत माहीतच नसतं. त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. शेवट लिहिलेलाच नाही, म्हणून हे थांबत नाही. पुढे पुढे भरतच चाललंय."

"आणि आवाज?"

"ओठ हलले तेवढे शब्द बसवले. घरातली बाई, कोणाकडे तरी बघून हसते. काय म्हणत असेल? चहा टाकू का." ती माझ्याकडे वळली. "आई तुम्हाला असं विचारायची?"

मी आठवून बघितलं. मंदा चहा टाकून आणून ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, पेट्रोल भरा." विचारल्याचं काही आठवत नव्हतं.

तेवढ्यात चित्र उजवीकडे सरकलं. घड्याळ, सोफा, घडी केलेली शाल.

"बाबा," केतकी म्हणाली, "सोफा रिकामा का आहे?"

"शाल आहे की."

"मी हे चित्र काढलं तेव्हा तिथे तुम्ही होतात. आडवे. तोंड उघडं टाकून घोरत होतात. आई तुमच्याकडेच बघत होती."

पडद्यावर मंदा त्या रिकाम्या सोफ्याकडे बघून हसत होती. गेले कित्येक दिवस मी ते हसणं बघत होतो. ती ज्या घरात होती तिथे नवरा नव्हताच. मशीनला मी ठाऊकच नव्हतो. माझ्या जागी त्याने शाल ठेवली होती.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं. "तू समोर होतीस. काय म्हणाली?"

केतकीला हसू आलं आणि रडूही.

"रिमोट तुमच्याकडे करून म्हणाली, गाडी लागली डेपोत."

मला एकदम ऐकू आलं. ती असंच म्हणायची. मालिका बघता बघता माझा डोळा लागला की म्हणायची, आणि लगेच बंद करायची. एकटीने पुढे बघायची नाही. दुसऱ्या दिवशी टोमणा मारायची, "डेपोतून सुटली का गाडी? चला, उरलेलं बघू." ते वाक्य मी कधी पुरतं ऐकलं नव्हतं, कारण ते म्हटलं जायचं तेव्हा मी झोपलेला असायचो. अर्धवट कानावर यायचं, लांबून आल्यासारखं.

त्याच वेळी पडद्याच्या खालच्या कडेला ओळ आली. 'जागा कमी होत आहे' अशी ओळ अधूनमधून यायची आणि मी 'ठीक' दाबून घालवायचो. या वेळची वेगळी होती. केतकीने मोठ्याने वाचली. "जागा संपली आहे. रेकॉर्डिंग चालू ठेवण्यासाठी सुरुवातीचा भाग पुसला जाईल. पुढे जायचं की थांबवायचं?"

"सुरुवातीचा म्हणजे..."

"खरा," केतकी म्हणाली. "आईचा तोच तेवढा खरा आहे. बाकी सगळं त्यानंतरचं आहे."

"मालिकेचे भाग पुसू दे की मग."

"ते गेले की आणखी काही दिवस मिळतील. मग परत हीच ओळ येईल."

"दुसरीकडे उतरवून घेऊ. तुझ्या फोनने टीव्हीचं चित्र काढू."

तिने फोन समोर धरून मला दाखवला. त्यात आमची भिंत दिसत होती, घड्याळ दिसत होतं, आणि टीव्हीच्या जागी काळा चौकोन. "कोणी चोरू नये म्हणून ही सोय असते," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग याच डब्यात राहतं, बाहेर निघत नाही."

"थांबवलं आणि उद्या परत सुरू केलं तर?"

"ती साइट विसरून जाईल. जे झालंय ते राहील, पण ही इथून पुढे जाणार नाही."

मंदा शिवत होती. खिडकीत धुकं होतं.

"दोन सेकंदात काय आहे गं?" मी म्हणालो. माझा आवाज चढला. "इथे ती उठते, बसते, बोलते. मला स्वेटर घाल म्हणते. दोन सेकंद घेऊन मी करू काय?"

केतकीने पोटावर हात ठेवला.

"त्या दोन सेकंदांत तुम्ही आहात," ती म्हणाली. "दिसत नाही, पण आहात. इथे तुम्ही नाही. मी पण नाही." मग म्हणाली, "मी काही दाबणार नाही. रिमोट तुमच्याकडे आहे."

मी रिमोट घेतला. वाटलं, तिच्या हातातलं काम होऊ दे. ही पट्टी पुरी होऊ दे. पट्टी पुरी झाली आणि तिने दुसरा फ्रॉक घेतला. तो झाला, तिसरा घेतला. ढीग तेवढाच होता. खऱ्या मंदाने आतापर्यंत मान मोडली, सुई टोचली, डोळे गेले म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. ही हसली आणि म्हणाली, "अहो, गारठा वाढलाय नाही?"

ती थांबली. माझ्या उत्तराची जागा आली. त्या जागेत मी म्हणालो, "थांबवलंय."

आणि दाबलं.

लाल दिवा विझला. पडद्यावर ती तशीच राहिली, हात उचललेला, दोरा ताणलेला. टीव्हीचा आवाज गेल्यावर कळलं की बाहेर पागोळ्या गळत होत्या. धुकं असलं की आमच्या पत्र्यावरून दिवसभर थेंब पडतात. कितीतरी दिवसांत मी ते ऐकले नव्हते.

"बघा, सुरुवात राहिली का," केतकी म्हणाली.

मी आवाज बंद केला आणि सगळ्यात मागे गेलो. वाटेत सगळं उलटं पळत होतं, चहा कपातून किटलीत, मंदा आतून बाहेर, बाहेरून आत. मग ते थांबलं. वेताची खुर्ची. मंदा. तिने उजवीकडे बघितलं, रिमोट पुढे केला, ओठ हलले. या वेळी मला लागलं. गाडी लागली डेपोत. ती हसली, आणि तिथेच मी थांबवलं.

डब्याने नेहमीचा प्रश्न विचारला. 'पाहून झालं. पुसू का?'

'नाही' कुठे असतं ते मला शोधावं लागलं. केतकीने बोट दाखवलं. मी दाबलं आणि वर कुलूपही लावलं.

तिने आत जाऊन चहा केला. मला विचारलं नाही. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाळंतपणाला मी इथेच राहणार आहे. डॉक्टरीणबाईंशी बोलले मी, इथल्या. धुक्याचं काही सांगू नका."

"राहा की," मी म्हणालो. "आतली खोली झाडायला हवी."

"उद्या झाडू. तो आचारी घरी पोचला का शेवटी?"

"कोण?"

"जहाजावरचा, बाबा. मीही तिथपर्यंतच बघितलंय. आईने शपथ घातली होती, आमच्याशिवाय पुढचं बघायचं नाही."

"तिच्याशिवाय कसं बघायचं?"

"तिच्या वाटचं मी बघते. लाव ना. लावा ना," ती म्हणाली. लहानपणी हट्ट करताना तिला अहो-जाहो सुचायचं नाही, ते आठवलं.

मी पहिल्या राहिलेल्या भागाचं कुलूप काढलं. केतकी वेताच्या खुर्चीत बसली, मी सोफ्यावर. इथेही एक शाल होती, तिची घडी मोडून पायावर घेतली. पडद्यावर समुद्र होता, जहाजाचं स्वयंपाकघर होतं, आचारी कांदा चिरत कोणालातरी शिव्या घालत होता. गोष्ट कुठे सोडली होती ते मला आठवेना. केतकी सांगत होती आणि तिचा आवाज हळूहळू लांब जात होता, घाटातल्या वळणामागे गाडीचा आवाज जातो तसा. पत्र्यावरून थेंब पडत होते. आचारी काही म्हणाला, त्यावर कोणीतरी हसलं.

मग जवळच, अगदी हळू, कोणीतरी म्हणालं, "गाडी लागली डेपोत."

आणि समुद्राचा आवाज थांबला. कोण बोललं ते मी डोळे उघडून बघितलं नाही.